वरचे दोन रुपये कुणाचे?

प्रश्न : आमचं मंगळवार पेठेत किराणा दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. गल्ल्यावर आळीपाळीनं मी आणि मिस्टर बसतो. सुट्ट्या पैशांची रोजची कटकट नको म्हणून दिवाळीपासून मिस्टरांनी रोखीचं बिल राऊंड करायला सुरुवात केली. ४३ झाले की ४५, ४८ झाले की ५०. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर ४१ चे ४० घेतो, नाहीतर तेही ४५. एक-दोन रुपये परत द्यायची वेळ आली तर गोळी देतो. परवा मागच्या गल्लीतल्या एक आजी आल्या. अठरा रुपये झाले, त्यांनी वीसची नोट दिली. मिस्टरांनी दोन गोळ्या पुढं केल्या. आजी म्हणाल्या, "मला शुगर हाय, गोळ्या घिऊन काय करू? माझं दोन रुपय दे." दुकानात गर्दी होती. मिस्टर चिडून म्हणाले, "दोन रुपयांसाठी एवढं काय?" आजी काही न बोलता गेल्या त्या परत फिरकल्या नाहीत. मुलगी बी.कॉम.ला आहे, ती म्हणते, पप्पा, हे फसवणं आहे. मिस्टर म्हणतात, फोनवर पैसे द्यायच्या दिवसांत रुपयाला कोण विचारतंय, परदेशात तर सरकारच राऊंड करतं. आणि घरात तेलाचा पाच किलोचा डबा एक-दोनच्या नाण्यांनी निम्म्याच्या वर भरलाय. बँकेत नेला तर "मोजायला माणूस नाही" म्हणून परत पाठवलं. राऊंड करणं चालतं का? आणि या चिल्लरचं काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी निकाल सांगते, मग कारणं. मुलीचं बरोबर आहे. 'फसवणं' हा शब्द मिस्टरांना लागला असणार, कारण त्यांनी हे कुणाला लुबाडायला सुरू केलेलं नाही. सुट्ट्यांपायी रोज दहा माणसांशी हुज्जत घालून माणूस वैतागतो, हे मी समजू शकते. पण हिशेब एकाच बाजूला झुकलाय, आणि त्याचा भार कुणावर पडतोय ते तुमच्या पत्रातच दिसतंय. राऊंड करायला माझा विरोध नाही. गिऱ्हाइकाला न विचारता वरच्या अंगाला राऊंड करायला आहे.

आजींच्या बिलाकडे बघा. अठरावर दोन म्हणजे शेकडा अकरा. महिन्याचा बाजार एकदम भरणाऱ्या, चार हजारांचं बिल करणाऱ्या घराचे दोन रुपये गेले तर त्यांना पत्ताही लागणार नाही. ज्याच्या हातात पैसा कमी, तो थोडं थोडं आणि रोज घेतो. आज पावशेर साखर, उद्या दहाची चहापूड, परवा अंगाचा एक साबण. बिल छोटं आणि फेऱ्या जास्त. तुमचा राऊंड दर फेरीला लागतो, त्यामुळे महिन्यातून एकदा येणारा तो एकदाच सोसतो आणि रोज येणारा तीस वेळा. रोजचे दोन धरले तर महिन्याचे साठ झाले. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांवर घर चालवणाऱ्या माणसाचे साठ रुपये म्हणजे शेकडा चार. सरकारनं एखाद्या वस्तूवर चार टक्के कर वाढवला तर आपण बिंदू चौकात आंदोलन करतो.

गोळीचं तर मला बिलकूल पटत नाही. घाऊक पाकिटातली गोळी तुम्हाला रुपयाच्या आत पडते आणि तुम्ही ती रुपयाला देता. म्हणजे पैसे परत करताना त्यातही विक्री झाली, आणि तीही न मागता. गोळी हे चलन नाही. आजींना शुगर नसती, त्यांनी कारण दिलं नसतं, तरी नुसतं 'नको' पुरेसं होतं.

म्हणून पहिलं काम हे करा. मिस्टरांनी स्वतः आजींच्या दारी जाऊन दोन रुपये द्यावेत. तुम्ही नाही, मुलीला धाडूनही नाही. "आजी, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं," एवढं बोललं की झालं. सोबत बिस्किटाचा पुडा, साखर, काही नेऊ नका. पुडा नेला की ते देणं राहत नाही, उपकार होतो, आणि आजींना तो नको असणार. त्यांनी मागितले होते ते दोन रुपयेच द्या.

आता मिस्टरांशी बोलायचा हिशेब. मुलीला कागद-पेन घेऊन शेजारी बसवा. बिलाचा शेवटचा आकडा शून्य किंवा पाच असेल तर प्रश्नच नाही. एक असेल तर पाचपर्यंत नेताना चार रुपये जास्त येतात, दोनला तीन, तीनला दोन, चारला एक. सहाला चार, सातला तीन, आठला दोन, नऊला एक. सगळे मिळून वीस. म्हणजे सगळे आकडे सारखेच येत असतील असं धरलं तर दहा बिलांमागे वीस रुपये, दर बिलाला सरासरी दोन. दिवसाला शंभर रोखीची बिलं होत असतील तर दोनशे रुपये रोजचे. ओळखीच्यांना सोडता ते वजा करा, तरी दिवसाची रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही. याला सुट्ट्यांची अडचण म्हणता येणार नाही, ही भाववाढ आहे. भाव वाढवायचा असेल तर पाटीवर लिहून वाढवा, गिऱ्हाईक बघून ठरवेल. आणि ओळखीच्याला ४१ चे ४० व अनोळखीला ४१ चे ४५, हे तर सगळ्यात वाईट. पेठेतल्या दुकानाला हे शोभत नाही.

परदेशाचं उदाहरण त्यांनी दिलं ते बरं झालं, कारण ते त्यांच्याच विरुद्ध जातं. कॅनडानं एक सेंटचं नाणं पाडणं २०१२ मध्ये थांबवलं आणि फेब्रुवारी २०१३ पासून बँकांना वाटणंही बंद केलं. त्यानंतर रोखीचा हिशेब पाच सेंटच्या पटीत होतो. पण कसा? शेवटी एक किंवा दोन आले तर खाली शून्यावर, तीन किंवा चार आले तर वर पाचावर, सहा-सात आले तर खाली पाचावर, आठ-नऊ आले तर वर दहावर. वर जाणारे आणि खाली येणारे बरोबर जुळतात. शिवाय राऊंड होतो तो कर धरून झालेल्या शेवटच्या बेरजेवर, एकेका वस्तूवर नाही. आणि फक्त रोखीला, कार्डानं दिले तर सेंट न् सेंट नेमका. फिनलंडमध्ये युरो आला तेव्हापासून असंच चालतं, बेल्जियममध्ये डिसेंबर २०१९ पासून दुकानदारांना ते सक्तीचं झालं. अमेरिकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये वापरासाठीचा शेवटचा सेंट पाडला, कारण एक सेंट पाडायला साडेतीन सेंटच्या वर खर्च येत होता. तिथं मात्र देशभराचा राऊंडचा नियम आधी न ठरवता नाणं थांबवलं, त्यामुळे दुकानांना आपापला मार्ग काढावा लागला. एकतर्फी वर राऊंड करा असं यातल्या एकाही सरकारनं सांगितलेलं नाही.

बेरजेवर राऊंड आणि वस्तूवर राऊंड यात किती फरक पडतो, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगलं माहीत होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा सोळा आण्यांचे शंभर नवे पैसे झाले, म्हणजे आण्याला सव्वासहा. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस असं कोष्टक चाललं. आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा नवे पैसे, एकत्र घेतल्या तर एकोणीस. सासऱ्यांच्या पिढीतल्या कुणी दुकानदारानं हे कोष्टक वापरलं असेल तर त्यांना जरूर विचारा, मिस्टर त्यांचं ऐकतील.

आपल्याकडे मात्र एक रुपयाचं नाणं जिवंत आहे. रोखीचं बिल पाचाच्या पटीत बसवा असा कायदा नाही. छापील बिलावर 'राऊंड ऑफ' अशी ओळ दिसते ती पैशांची असते: पन्नास पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया, खाली असेल तर सोडून द्यायचे. जीएसटी कायद्याच्या १७० व्या कलमात कराच्या रकमेसाठी हेच सांगितलंय. त्यावरून ४१ चे ४५ करायची मुभा निघत नाही. आणि छापील किमतीच्या मालाला तर विषयच नाही. एमआरपी २८ असलेला पुडा एकटा घेतला आणि तुम्ही ३० घेतले, तर तो वैधमापन, म्हणजे वजन-मापांच्या, कायद्याखाली गुन्हा होतो. गिऱ्हाइकानं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर 'सुट्टे नव्हते' हे उत्तर चालणार नाही. कुणी कायदा दाखवायच्या आधीच नीट होणं चांगलं, एवढ्यासाठी हे सांगितलं.

मग करायचं काय? मी असते तर एवढंच ठरवलं असतं: राऊंड करायचा तर खालीच. ४१, ४२ झाले तर ४० घ्या, ४६, ४७ चे ४५. ते तुमच्या हातात आहे, तुमचा माल, तुम्ही सोडताय. पण सगळ्यांना सारखं, ओळख बघून नाही. ४३, ४४, ४८, ४९ झाले तर सुट्टे द्या. नसतील तर विचारा, "दोन रुपये आहेत का? नाहीतर दोन रुपयांचं काय देऊ?" या विचारण्यात सगळं आलं.

कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या हे किती सहज करतात बघा. मेथीची पेंडी पंधराची, वीसची नोट पुढं आली की हात कोथिंबिरीकडे जातो, पण तोंडानं आधी विचारलं जातं, "कोथमीर देऊ का लिंबू?" गिऱ्हाईक म्हणालं, नको मावशी, पाचच द्या, तर ती पदराखालची पिशवी सोडते आणि पाचचं नाणं काढून देते. वस्तू निवडायची गिऱ्हाइकानं, आणि नाही म्हणायचा मार्ग उघडा. तुमच्याकडे तर याहून जास्त सोय आहे. जिरं, मोहरी, गूळ, चहापूड, खोबरं, सगळं सुटं मिळतं. दोन रुपयांची मोहरी कुणालाही चालते, ती घरी वापरात येते. गोळी पोरांच्या तोंडात जाते आणि दात किडवते.

सुट्या मालात आणखी एक आहे. गरीब गिऱ्हाईक बहुतेक वेळा वजनावर मागत नाही, पैशावर मागतं. "दहाचं तेल द्या, पाचची हळद द्या." यात सुट्ट्यांचा प्रश्न येतच नाही, कारण पैसा ठरलेला असतो आणि माल त्याला बसवायचा असतो. पावशेर तूरडाळ साडेबत्तीसला येते तिथं "तीसची देऊ का पस्तीसची?" असं विचारलंत तर निम्मी कटकट तागडीवरच संपेल. मात्र तीसची म्हटली की तीसचीच भरली पाहिजे. सुट्ट्यांतून वाचवलेलं वजनात काढायचं नाही.

फोनवरून देणाऱ्याचं बिल कधीच राऊंड करू नका, तिथं ४३ म्हणजे ४३. "रुपयाला कोण विचारतंय" असं मिस्टर म्हणतात, पण फोनवर देणारा प्रत्येक जण रुपयाला विचारतोच, नेमकी रक्कम टाकतो आणि तुम्ही मुकाट घेता. मग रोखीनं देणाऱ्यानं काय पाप केलंय? ज्याला स्मार्टफोन नाही, वापरता येत नाही, किंवा हातात सून-मुलगा देईल तेवढीच नोट असते, त्याच्यासाठी नेमकी रक्कम द्यायचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे हे छोटं नाणं. म्हणून मला त्याचं मोल वाटतं. त्या नाण्यामुळे गिऱ्हाइकाला 'माझं मला दे' असं म्हणता येतं.

आणि रुपयाला मागणी नाही हेही खरं नाही. लग्नसराईत महाद्वार रोडला आहेराची पाकिटं घ्यायला जा. रुपया चिकटवलेलं पाकीट वेगळं मागून घेतात, कारण एक्कावन्न आणि एकशेएकवरचा तो एक असल्याशिवाय आहेर होत नाही. अंबाबाईची ओटी भरताना तांदळावर रुपया ठेवतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्या अर्ध्याचे हिशेब नेहमी पाच-दहात बसत नाहीत, तिथं कंडक्टरला एक-दोनची नाणी लागतात.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट. दुकानात सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या देताय, आणि घरात डबा भरलाय. ताई, सुट्टे आहेत! ते फक्त दुकानात नाहीत. नाण्यांचं असंच होतं. टांकसाळीतून बँकेत, बँकेतून बाजारात, आणि बाजारातून घराघरांतल्या डब्यांत आणि मुलांच्या गल्ल्यांत जाऊन ती बसतात. पुढं सरकत नाहीत. मग सरकार नवी पाडतं, आणि आपण म्हणतो सुट्टे मिळत नाहीत. तुमचा डबा आजच दुकानात न्या.

आधी आकारानं नाणी वेगळी करा. तुमच्याकडे तराजू आहे, त्याचा उपयोग करा. शंभर नाणी एकदा हातानं मोजा, वजन करा, पुढच्या पिशव्या त्याच वजनाच्या भरा. एक काळजी घ्या. एका किमतीची सगळी नाणी एका वजनाची नसतात. २०११ नंतरच्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, म्हणजे शंभराचे ३७९ ग्रॅम. २०१९ पासूनची नवी मालिका हलकी आहे, त्यातला रुपया ३.०९ ग्रॅमचा. २०११ च्या आधीची मोठी नाणी आणखी जड. तेव्हा मालिका वेगळ्या केल्याशिवाय वजनावर जाऊ नका. डब्यात पन्नास पैसे सापडले तर टाकू नका, आठ आणे अजून कायद्यानं चलनात आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र जून २०११ अखेर बाद झाली. दहाचं नाणं कुणी 'चालत नाही' म्हणून परत करत असेल, तर तुम्ही तरी तसं करू नका. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय की चौदा वेगवेगळ्या नक्षीची दहाची नाणी आहेत आणि ती सगळी चालतात, रुपयाचं चिन्ह असलेलीही आणि नसलेलीही. तुमच्याकडे कुणी हजार रुपयांपर्यंतचं बिल रुपया-दोनच्या नाण्यांत द्यायला आलं तर तेही २०११ च्या नाणे कायद्यानुसार वैध आहे. पन्नास पैशांची मर्यादा दहा रुपयांची.

बँकेबद्दल. "मोजायला माणूस नाही" हे उत्तर त्यांना देता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा बँकांना स्पष्ट आदेश आहे की सर्व शाखांनी सर्व किमतींची नाणी व्यवहारासाठी किंवा बदलून देण्यासाठी स्वीकारावीत. ग्राहकानं खात्यात किती नाणी भरावीत यालाही वरची मर्यादा घातलेली नाही. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या करून आणल्या तर सोयीचं पडतं, असं त्याच सूचनांत म्हटलंय, म्हणून पिशव्यांवर किंमत आणि संख्या पेनानं लिहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनची रांग असते तेव्हा नेऊ नका, दुपारी जा, आणि आधी शाखाधिकाऱ्यांना भेटून सांगा. तरी घेतली नाहीत तर तिथंच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही.

पण सगळा डबा बँकेत रिकामा करू नका. आधी आठवडाभर मुलीला वहीत रोज लिहायला सांगा, किती रुपये एक-दोनच्या नाण्यांत परत द्यावे लागले. त्याच्या दीडपट चिल्लर गल्ल्यात ठेवायची, वाढेल ती पिशवीत. तुमच्या कोपऱ्यावरचा रिक्षावाला, पेपरवाला, सकाळचा दूधवाला यांच्याकडे कधी चिल्लर जास्त होते, कधी कमी पडते. त्यांच्याशी शंभरच्या नोटेला शंभरची चिल्लर अशी अदलाबदल ठरवा. शंभरच्या चिल्लरीवर बट्टा, म्हणजे वरचे पैसे, मागणारे भेटतात, त्यांना देऊ नका, आणि तुमच्याकडे जास्त झाली तर तुम्हीही कुणाकडून बट्टा घेऊ नका.